कर्वे रस्ता: निघायचं कधी, वळायचं कुठे

मागच्या अंकात संपादकांनी ‘पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा’ असं आवाहन केलं होतं. आलेली पत्रं वाचून एवढं नक्की कळलं, की कोथरूडकर कितीही वैतागले तरी पत्र शुद्धलेखनाचे नियम पाळूनच लिहितात. एका आजोबांनी तर तिथल्या नळ स्टॉप चौकाचा नकाशा फूटपट्टीने काढून पाठवला आहे, सिग्नलच्या खांबांसकट.

माझी सगळी नोकरी वाहतूक सर्वेक्षणात झाली. चौकाच्या कोपऱ्यावर मुलामुलींना बसवायचं, सरळ जाणारी, डावीकडे आणि उजवीकडे वळणारी वाहनं वेगवेगळ्या रकान्यांत मोजायची आणि मग ते कागद घेऊन रात्री बेरजा करायच्या, असं ते काम. त्यामुळे माझी उत्तरं रस्त्यापेक्षा चौकाबद्दल जास्त असतील. त्याला कारण आहे, ते पहिल्याच पत्रात येईल.

डहाणूकर कॉलनीतून एक वाचक: माझं ऑफिस शिवाजीनगरला, कोर्टाजवळ. सकाळी सव्वानऊ-साडेनऊला गाडी काढतो. कर्वे पुतळ्यापासून डेक्कनपर्यंत कधी वीस मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. मोबाइलवरचा नकाशा रोज नव्या गल्लीत घालतो. एकदाचा पक्का, कमी गर्दीचा मार्ग सांगा.

असा मार्ग असता तर तो एव्हाना मोबाइलने सगळ्यांना सांगितला असता आणि तिथेही गर्दी झाली असती. ‘आतून’ जाणाऱ्या बहुतेक गल्ल्या शेवटी त्याच दोन-तीन चौकांत बाहेर येतात. तिथे तुम्ही बाजूने घुसता, मुख्य रस्त्यावरचे लोक हॉर्न वाजवतात, आणि वाचवलेली चार मिनिटं तोंडाशी उभं राहण्यात जातात. शिवाय त्या गल्लीत राहणाऱ्यांनी तुमचं काय वाईट केलं आहे?

तुम्ही मार्ग विचारलात, मी वेळ सांगते. हिशोब करून दाखवते; आकडे सोपे जावेत म्हणून मनाचे घेतले आहेत. समजा एका चौकात दर दोन मिनिटांनी सिग्नलची एक फेरी पूर्ण होते आणि तुमच्या बाजूच्या हिरव्यात ६० वाहनं निघून जातात. नऊ वाजेपर्यंत तेवढीच किंवा कमी येत होती, म्हणून रांग साचत नव्हती. नऊनंतर दर फेरीला ७५ येऊ लागली. म्हणजे प्रत्येक फेरीला १५ वाहनं मागे उरणार. नऊ वाजून दहा मिनिटांनी ७५ वाहनं उरलेली असतील. तुम्ही तेव्हा पोचलात तर अडीच मिनिटं जास्त थांबाल. नऊ चाळीसला हीच रांग ३०० वाहनांची झालेली असेल आणि तुमचे पाच सिग्नल हुकतील. पाच फेऱ्या म्हणजे दहा मिनिटं, आणि तीही एकाच चौकात.

आता पुढची गंमत बघा. नऊ चाळीसनंतर येणारी वाहनं कमी झाली, दर फेरीला ५० आली, तरी रांग फेरीमागे दहानेच आटते. ३०० वाहनं संपायला ३० फेऱ्या, म्हणजे एक तास लागणार. म्हणून रस्त्यावर येणारा लोंढा ओसरायला लागतो तेव्हाच रांग सर्वांत लांब असते. ‘गर्दी जरा कमी झाली की निघू’ म्हणून पावणेदहाला निघणारा माणूस नेमका त्या लांबच लांब रांगेच्या शेपटाला जाऊन लागतो. तुम्ही सव्वानऊऐवजी आठ पन्नासला निघा किंवा सरळ पावणेअकराला. ऑफिसातल्या साहेबांशी वेळेबद्दल एकदा बोलून बघा. माझ्या अनुभवात लोक नवीन गाडी घ्यायला धजावतात, पण साहेबांना हे विचारायला कचरतात. लवकर पोचलात तर चहा प्या, पेपर वाचा. पंचवीस मिनिटं गाडीत बसून घालवण्यापेक्षा ती तिथे घालवलेली बरी.

दुसरं म्हणजे, तुमचं ऑफिस कोर्टाजवळ आहे आणि तरीही तुम्ही चारचाकी नेता, याचं मला आश्चर्य वाटलं. वनाजवरून निघणारी मेट्रो आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन, संभाजी उद्यान, महापालिका अशी करत थेट तुमच्या कोर्टाच्या स्थानकावर जाते. मार्च २०२२ मध्ये ती गरवारे कॉलेजपर्यंतच होती, ऑगस्ट २०२३ पासून पुढे रूबी हॉलपर्यंत गेली आणि मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत. डहाणूकरला राहणाऱ्यांची खरी अडचण अशी, की ही मार्गिका कर्वे रस्त्यावरून पौड रस्त्याला वळते आणि तुमच्या कॉलनीला टांग देऊन निघून जाते. स्थानकापर्यंत रिक्षा किंवा दुचाकी लागणारच. तरी आठवडाभर करून बघा. कर्वे रस्त्याचा सगळ्यांत तापदायक भाग, म्हणजे पौड फाटा ते डेक्कन, तुम्ही वरून ओलांडाल आणि खालची रांग खिडकीतून दिसेल. त्यात एक दुष्ट समाधान असतं, ते नाकारत नाही.

कर्वेनगरमधून एक विद्यार्थी: मी टू-व्हीलरवाला. दोन गाड्यांच्या मधून, कडेने, कधी फुटपाथवरून वाट काढत सिग्नलच्या पुढे जाऊन उभा राहतो. माझ्यामुळे कोंडी होत नाही, उलट कमी होते असं मी मित्रांना सांगतो. बरोबर ना?

अर्धं बरोबर. तू एकट्याने चारचाकी आणली असतीस तर नक्कीच जास्त जागा अडवली असतीस. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या नियमावलीत, रस्ता व्यापण्याच्या हिशोबात मोटारगाडी १ धरली तर दुचाकी अर्धी धरतात. पण त्यातच पुढे लिहिलं आहे, की रस्त्यावर दुचाकींचं प्रमाण एकूण वाहनांच्या दहा टक्क्यांवर गेलं तर प्रत्येक दुचाकी पाऊण धरावी. पुण्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या कितीतरी पुढे आहे. तेव्हा स्वतःला अर्धा समजू नकोस, तू पाऊण आहेस.

आणि सिग्नलच्या पुढे, झेब्रा ओलांडून जे तीस-चाळीस जण उभे राहतात, त्यांच्यामुळे आडव्या रस्त्यावरून वळणारी पीएमपीची बस अडकते. ती अडकली की तिच्यामागचे अडकतात आणि तुझा सिग्नल हिरवा होतो तेव्हा चौक रिकामाच झालेला नसतो. पांढऱ्या रेघेच्या मागे थांबलास तर तुझाच हिरवा जास्त कामाला येईल. फुटपाथबद्दल मी काही बोलत नाही. तुझी आजी तिथून चालत असेल तर तीच बोलेल.

एरंडवण्यातून, नकाशावाले आजोबा: आम्ही पौड फाट्याचा पूल पाहिला, मग नळ स्टॉपचा दुमजली पूल पाहिला. वरून मेट्रो, मध्ये गाड्या, खाली पुन्हा गाड्या. तीन थर झाले, तरी खालच्या थरात आम्ही तिथेच उभे. इंजिनिअर लोकांना आधी कळत नाही का?

नमस्कार. तुमचा नकाशा जपून ठेवला आहे. प्रमाणही बरोबर आहे.

इंजिनिअर लोकांना कळतं. नळ स्टॉपचा पूल २०२२ मध्ये मेट्रोबरोबरच सुरू झाला आणि त्याने जे करायचं ते केलं, म्हणजे सरळ जाणाऱ्या गाड्या नळ स्टॉपच्या सिग्नलवरून उचलल्या. पण उचललेल्या गाड्या कुठेतरी ठेवाव्या लागतात. पूल जिथे उतरतो तिथे वरून येणारे आणि खालून येणारे एकत्र होतात, रस्त्याचे पदर (लेन) तेवढेच राहतात आणि पुढचा चौक काही अंतरावर वाटच पाहत असतो. शिवाय लॉ कॉलेज रस्त्याकडे किंवा म्हात्रे पुलाकडे वळणाऱ्याला पुलाचा उपयोग शून्य. तो खालीच राहतो. तुमच्यासारखे एरंडवण्यातले लोक बहुतेक वळणारेच, त्यामुळे तुम्हाला फरक दिसला नाही यात नवल नाही.

मोजणीला बसलं की हे उघड दिसतं. कोणत्याही चौकाची मर्यादा त्याला मिळणाऱ्या हिरव्या वेळेवर ठरते. चार दिशांना एका फेरीतला वेळ वाटून द्यायचा. उजवीकडे वळणाऱ्यांना वेगळा द्यायचा. चालणाऱ्यांना द्यायला हवा, तो बहुधा काटला जातो. म्हणून सहा पदरी रस्तासुद्धा त्याच्या सर्वांत अडलेल्या चौकाएवढाच वाहतो. तो एक चौक मोकळा केला की नंबर पुढच्याचा लागतो.

गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल तुम्हाला आठवत असतील. ते २०२० च्या टाळेबंदीत पाडले, कारण तिथून मेट्रो न्यायची होती आणि नवा दुमजली पूल बांधायचा होता. पाडलेले पूल पंधरा वर्षंसुद्धा जुने नव्हते. सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलापासून फनटाइम थिएटरपर्यंत उड्डाणपुलांची मालिकाच उभी राहिली. पहिला २०२४ च्या स्वातंत्र्यदिनी खुला झाला, लांबचा २०२५ च्या महाराष्ट्र दिनी. तिथून जाणाऱ्यांचा वेळ वाचतो हे मी मान्य करते. पण रस्ता सुटसुटीत झाला, की जे आधी लवकर निघत होते ते सोयीच्या वेळेला निघू लागतात, जे बसने जात होते ते गाडी काढतात आणि जे दुसऱ्या रस्त्याने जात होते ते इकडे वळतात. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हे १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं. ड्युरांटन आणि टर्नर या दोघांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी जितक्या प्रमाणात वाढली जवळजवळ तितक्याच प्रमाणात तिथला एकूण गाडीप्रवास वाढलेला आढळला.

पूल बांधूच नयेत असं माझं म्हणणं नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. तिथे महामार्गाची, मुळशीची आणि कोथरूडची वाहनं एकमेकांना छेदत होती, ती वेगळी झाली. तिथे पुलाचं काम होतंच. नळ स्टॉपला मात्र छेदणारे आणि वळणारेच जास्त. टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या पाहणीत २०२४ साली पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागली आणि जगातल्या सर्वांत संथ शहरांत आपला चौथा नंबर आला. एवढे पूल बांधून झाल्यावरचा हा नंबर आहे, एवढंच नोंदवते.

पटवर्धन बागेजवळून एक आई: मुलीची शाळा नळ स्टॉपच्या आसपास आहे. दुपारी सुटताना गेटसमोर गाड्यांच्या दोन रांगा लागतात. मीही दोनच मिनिटं उभी राहते, पार्किंग लाइट लावून. दुसरा उपाय आहे का?

तुमच्या दोन मिनिटांमागे आणखी शंभर जणींची दोन-दोन मिनिटं असतात. त्या एकामागून एक येतात, त्यामुळे तो पदर तासभर बंद असतो. पार्किंग लाइट लावल्याने गाडी लहान होत नाही.

वर म्हटलेल्या नियमावलीतच एक तक्ता आहे, तो शाळांच्या नोटीस बोर्डावर लावावा असं मला फार वाटतं. दुभाजक नसलेल्या चार पदरी रस्त्यावर कडेला कुणी थांबत नसेल आणि आडवी ये-जा फारशी नसेल, तर तिथून तासाला ३००० मोटारींएवढी वाहतूक धरता येते. त्याच रुंदीच्या रस्त्यावर कडेला गाड्या लागत असतील, दुकानांत आणि सोसायट्यांत आत-बाहेर चालू असेल, तर तोच आकडा १८०० होतो. रुंदी तीच, डांबर तेच. रुंदीकरणाच्या नावाने झाडं तोडायच्या आधी हे बाराशे परत मिळवता येतात आणि त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. पण कुणाच्या तरी दुकानापुढची गाडी हलवावी लागते. तिथे सगळ्यांचं धैर्य संपतं, नगरसेवकांचंही.

उपाय असा. गेटपासून दोन-तीनशे मीटर अलीकडे, आतल्या गल्लीत जिथे परवानगी आहे तिथे गाडी लावा आणि मुलीला चालत आणा. चार-पाच आयांनी वाटून घेतलं तर रोज एकीनेच जावं लागेल. शाळेची बस असेल तर तीच सगळ्यांत उत्तम. वीस-पंचवीस मोटारींचं काम एक बस करते. शाळेलाही सांगा, की पहिली ते चौथी आणि पाचवी ते दहावी यांच्या सुटण्यात वीस मिनिटांचं अंतर ठेवा. हे फुकटात होतं, फक्त पालकसभेत तुम्ही उठून बोलायला हवं.

दोनशे मीटर चालायचं म्हटलं की ‘उन्हात?’ असा प्रश्न येतोच. ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे ते अण्णासाहेब कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला पायी जात-येत. १९०० साली तिथे आश्रमाची झोपडी उभी राहिली तेव्हा या भागात वस्ती सोडाच, धड रस्ताही नव्हता, चिखल होता. तुमच्या मुलीला हे सांगा, ती चालेल. मुलं चालतातच, आपल्याला गाडी सोडवत नाही.

वारज्याहून एक बाई: माझी नोकरी स्वारगेटच्या बाजूला. कर्वे रस्ता मला नकोच आहे. पण टाळून जावं कुठून? सगळीकडे पुलावर अडकते.

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. कर्वे रस्त्याची अर्धी कोंडी मुठा नदीमुळे आहे. कोथरूड-वारजे एका तीरावर, पेठा आणि स्वारगेट दुसऱ्या तीरावर, आणि मधले पूल हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. रस्ते कितीही असोत, पूल जितकी माणसं पलीकडे सोडतील तितकीच जाणार.

तुमच्यासाठी राजाराम पूल सरळ पडतो. वारजे, कर्वेनगर, राजाराम पूल, मग सिंहगड रस्ता धरून दांडेकर पुलावरून स्वारगेट. सकाळी त्या बाजूने शहराकडे येणारा लोंढा मोठा असतो, पण तुम्हाला नळ स्टॉप आणि पौड फाटा दोन्ही लागत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे राजाराम पुलापासून म्हात्रे पुलापर्यंतचा डीपी रस्ता, तिथून नदी ओलांडून नवी पेठ. हा सकाळी बरा. संध्याकाळी मात्र आधी पंचांग बघा. त्या रस्त्याला ओळीने मंगल कार्यालयं आणि लॉन्स आहेत. दाट तिथी असेल तर वरातीच्या घोड्यामागे तुमची स्कूटर आणि घोड्यापुढे बँड. हे मी विनोदाने लिहीत नाही. सर्वेक्षणाचा दिवस ठरवताना आम्ही लग्नाच्या तिथी टाळायचो, नाहीतर आकडे खोटे यायचे.

पावसाळ्यात आणखी एक. खडकवासल्यातून पाणी सोडलं की बाबा भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, आणि ती सगळी दुचाकी वाहतूक म्हात्रे पुलासारख्या बाकीच्या पुलांवर येते. म्हणजे तुम्ही भिडे पुलावरून जात नसलात तरी धरणाच्या विसर्गाची बातमी तुमच्या कामाची आहे. ‘विसर्ग वाढवला’ असं ऐकलंत की त्या दिवशी अर्धा तास आधी निघा, किंवा राजाराम पुलाकडूनच जा.

महामार्गाने वडगावला जाऊन उलट शहरात येणं मी सुचवत नाही. अंतर वाढतं, अवजड वाहनांच्या मध्ये दुचाकी घालावी लागते आणि नवले पुलाच्या उताराबद्दल रोजच्या वर्तमानपत्रात पुरेसं येतं. तिथल्या संथ गाड्या बघून ‘पुढे अपघात तरी दिसायला हवा होता’ असं तुम्ही पत्रात शेवटी लिहिलं आहे. दर वेळी अपघात लागत नाही. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना एकाच वेगाने चालवायला सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा. थोड्याच वेळात गाड्या थांबत-सुटत चालायला लागल्या आणि ती थांबण्याची लाट मागे-मागे सरकत राहिली. एकाने जरा ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. पुढच्या गाडीपासून अंतर राखलंत तर ही लाट तुमच्यापाशी विरते. अर्थात पुण्यात अंतर राखलं की त्यात तिसराच येऊन घुसतो, हेही मला माहीत आहे.

मयूर कॉलनीतून एक निवृत्त बँक अधिकारी: लंडनसारखं शुल्क का लावत नाहीत? गर्दीच्या वेळी डेक्कनला गाडी न्यायची तर मोजा पैसे!

सिंगापूरने हे १९७५ मध्ये केलं, लंडनने २००३ मध्ये, आणि स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने करून बघितलं. स्टॉकहोमला शुल्काच्या हद्दीतून ये-जा करणारी वाहनं साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली. सुरुवातीला लोक विरोधात होते. प्रयोगानंतर सार्वमत घेतलं तेव्हा शहराने होकार दिला आणि २००७ पासून शुल्क कायम झालं. मात्र आपल्याकडे सांगताना एक तपशील गाळला जातो. स्टॉकहोमने शुल्क जानेवारीत लावलं आणि जादा बस त्याच्या आधी ऑगस्टमध्येच सुरू केल्या.

आपल्याकडे उलटा क्रम आहे. जून २०२५ मध्ये पीएमपीचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं. तुम्ही बँकेतले, तुम्हाला हिशोब सांगायला नको. नियमावलीप्रमाणे शहरातली बस जास्तीत जास्त ३.७ मोटारींएवढी जागा खाते. तिच्यात गर्दीच्या वेळी पन्नास-साठ माणसं असतात. चार मोटारींत मिळून सहा-सात. ज्या वाहनामुळे रस्ता मोकळा होतो त्याचं तिकीट वाढवायचं आणि रस्त्याच्या कडेला दिवसभर उभ्या असणाऱ्या गाडीला काहीच आकारायचं नाही, असं आपलं चाललं आहे. पार्किंगचं धोरण महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केलं होतं. गर्दीच्या रस्त्यांवर गाडी लावायला पैसे, एवढाच त्याचा साधा अर्थ. आधी ते पाच रस्त्यांवर तरी नीट राबवून दाखवा, मग लंडनचं बोलू. शुल्काच्या मी विरोधात नाही, पण बस आधी हवी.

कोथरूड स्टँडवरचे एक रिक्षाचालक: मॅडम, कोंडी झाली की पहिलं बोट आमच्याकडे. आम्ही उभं राहायचं कुठे ते पण लिहा.

लिहिते. तुमची तक्रार रास्त आहे. मेट्रोतून उतरणाऱ्या माणसाला पुढे दीड-दोन किलोमीटर जायचं असतं, त्याला रिक्षाच लागते, आणि जिन्याच्या पायथ्याशी रिक्षा थांबायला जागा आखून दिलेली नसेल तर तुम्ही जिन्यासमोरच थांबणार. तिथे प्रवासीही हात करतो आणि त्याच्या मागे पीएमपीही येते. स्टँडची आखणी ही स्थानकाच्या आराखड्यातच असायला हवी होती.

जागा मिळेपर्यंत एवढं करा. चौकाच्या तोंडाशी, सिग्नल सुटल्यावर पहिल्या तीस-चाळीस मीटरमध्ये प्रवासी घेऊ नका. तिथे थांबलेली एक रिक्षा आख्खा पदर बंद करते आणि मागच्यांचा हिरवा वाया जातो. प्रवाशाला हाताने पुढे यायची खूण करा. तो कुरकुरेल, पण येईल. आणि नळ स्टॉपपासून मयूर कॉलनी, डहाणूकर, कर्वे पुतळा या बाजूंना शेअर रिक्षा नेमून चालवता येतील का, यासाठी तुमच्या संघटनेने आरटीओकडे मार्ग आणि भाडं ठरवून मागावं. अर्जाबरोबर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात स्थानकातून उतरलेले किती जण रिक्षा शोधतात त्याची मोजणी जोडा. मोजणीचा कोरा तक्ता संपादकांकडे ठेवला आहे, तो घेऊन जा. रकाने मीच आखून दिले आहेत.